वाकलेली बाई आणि मी

मी भित्रा होतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला काही राहात नाही.

मित्रांनो, तुमच्या अंकात येशूचं नाव बघून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या. माझ्या चुलतभावाच्याही पडायच्या. आम्ही एका भिंतीच्या अलीकडं-पलीकडं वाढलो. पलीकडं बुद्ध, अलीकडं येशू. भिंत मातीची. तिच्यावरून कोरड्यासाचा वास दोन्हीकडं सारखाच जायचा. त्याला अख्खा वाडा दादा म्हणायचा, मीही दादाच म्हणायचो. तो म्हणायचा, 'तुम्ही ख्रिस्ती लोकं मार खाता आणि वर दुसरा गाल पुढं करता.' यावर मला उत्तर सुचायचं नाही. सुचलं तरी तोंडातून निघायचं नाही. आज सत्तरीला टेकल्यावर ते उत्तर लिहायला बसलोय.

आपल्या लिखाणात संताप पुष्कळ असतो. तो असायलाच पाहिजे. पण भीती फारशी नसते. जणू आपण सगळे आईच्या पोटातून मूठ आवळून घोषणा देतच बाहेर पडलो. मी तसा पडलो नाही. माझी भीती घशात राहायची. वर्गात मास्तरांनी नाव पुकारलं की घसा आवळायचा, तळहात ओले व्हायचे. उत्तर येत असायचं, पण बसून राहायचो. एकदा दुकानदारानं चार आणे कमी दिले. दुकानाच्या पायरीवरच ते कळलं. मागं वळून मागायचे होते फक्त. वळलो नाही. घरी येऊन आईला सांगितलं, वाटेत पडले. आईनं झोडपलं. मार परवडला, मागणं परवडलं नाही.

हे कुठून आलं? एक गोष्ट पक्की आठवते. आजोबांचं बोट धरून मी गावातून चाललो होतो. पाच-सहा वर्षांचा असेन. आजोबा बाप्तिस्मा झालेले. दर रविवारी देवळात पुढच्या सतरंजीवर बसणारे. आमच्या नगर भागात आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. समोरून पाटील आला. आजोबांनी पायातलं पायताण काढून हातात घेतलं, रस्ता सोडला, कडेच्या बाभळीखाली उतरले आणि कमरेत वाकले. 'जोहार मायबाप.' मी बघतच उभा. तेव्हा त्यांचा दुसरा हात माझ्या मानेवर आला आणि त्यांनी मला खाली दाबलं. रागानं नाही. पाऊस आल्यावर लेकराच्या डोक्यावर पोतं धरावं तसं, मायेनं. १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं होतं. आजोबांच्या कमरेतलं गेलं नव्हतं. त्या हाताचं वजन पुढं कित्येक वर्षं माझ्या मानेवर होतं. मास्तरांपुढं, तलाठ्यापुढं, एस.टी.च्या कंडक्टरपुढं माझ्याआधी माझी पाठ वाकायची.

आता तुम्ही विचाराल, तुमच्या येशूनं इतक्या वर्षांत काय केलं मग? विचारा. मीही विचारलं.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. त्यांच्या शाळांत महारामांगांची पोरं पाटीवर अक्षर काढू लागली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं त्यात नगरला मिस फॅरारबाईंकडं घेतलेलं शिक्षणही होतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं महारामांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली छापला 'ज्ञानोदय'नं, म्हणजे मिशनच्याच पत्रानं. हे सगळं खरं. पण वाड्यात आणि गावात आम्हाला एकच शब्द लागू होता. भाकरीसाठी बाटलेले. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की तो सत्य शोधायला गेला. महार ख्रिस्ती झाला की भाकरीसाठी गेला. लहानपणी मला या शब्दाची लाज वाटायची. आजीला वाटायची नाही. ती म्हणायची, 'भूक लागल्याली व्हती, भाकर दिली. ज्येनं दिली न्हाई त्येला लाज वाटू द्या की.'

मग १९५६ उजाडलं. नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आमच्या वाड्यातल्या निम्म्या घरांतले देव गोदावरीत गेले. चुलत्यानं भिंतीवर बुद्ध लावला. माझा बाप म्हणाला, आमच्या घरात टाकायला देवच नाहीत, ते कधीच गेलेत. बाबासाहेबांचा फोटो मात्र दोन्ही घरांत लागला. आमच्या घरी तो येशूच्या शेजारी लागला. पाळकसाहेब घरभेटीला आले की त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचे.

इथं मला माझ्या देवळाबद्दल कडू बोलायचं आहे. दादाचा आरोप अगदीच हवेतला नव्हता. लहानपणापासून मी काय ऐकलं? तू पापी आहेस. तू धूळ आहेस. सोस, स्वर्गात मिळेल. गावानं सांगितलं, तू विटाळ आहेस. देवळानं सांगितलं, तू पापी आहेस. गावाबाहेर मान खाली, देवळात गुडघ्यावर, आणि परत मान खाली. ज्याला मुळातच स्वतःबद्दल खात्री नाही त्याला रोज सांगा की तू काही लायकीचा नाहीस, तर तो काय होईल? तो मी झालो. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढं बोलताना बाबासाहेबांनी बोट नेमकं इथंच ठेवलं होतं. तुमच्यात शिकलेले पुष्कळ, पण अन्यायाविरुद्ध उठणारे कुठं आहेत, असा त्या बोलण्याचा रोख होता. मी शिकलेल्यांपैकी एक होतो. आणि बसून होतो.

आता १९७८. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जुलैच्या २७ तारखेला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमचं गाव गोदावरीच्या अलीकडं. पलीकडं आमच्या लोकांची घरं जळत होती. आमच्या सोयऱ्यांची, दोन्ही धर्मांतल्या. जाळणाऱ्यांनी घरात बुद्ध आहे का येशू आहे हे विचारलं नाही. तालुक्याच्या गावी निषेध सभा ठरली. दादानं मला न विचारता माझं नाव वक्त्यांत घातलं. 'कॉलेजात शिकतो. बोलेल की.'

मी कंदिलापुढं बसून चार पानी भाषण लिहिलं. आजही वाईट म्हणता येणार नाही असं भाषण होतं. सभेला विहारापुढचं पटांगण भरलेलं. कर्ण्यातून माझं नाव आलं. मी उठलो, माईकपुढं गेलो. 'बंधूंनो' म्हणालो. पुढचं आलं नाही. कागद हातात होता, अक्षरं दिसत होती, पण घसा बंद. दिव्याभोवती किडे फिरत होते ते मी बघत राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, 'आमेन म्हण अन् बस खाली!' हशा पिकला. जळालेल्या घरांच्या निषेधसभेत माझ्यामुळं हशा पिकला. मी बसलो. दादानं माझ्याकडं बघितलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रात्री चालत घरी आलो. आजी जागी होती. तिच्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. पन्नाशी ओलांडल्यावर ती वाचायला शिकली. गावोगाव फिरणारी एक बायबलबाई आमच्याकडं यायची. तिच्यापाशी बसून, चुलीतल्या कोळशानं फरशीच्या तुकड्यावर आजीनं बाराखडी गिरवली. कशासाठी? शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणून. पाळकसाहेब वाचून दाखवतात ते खरं कशावरून, असं तिचं म्हणणं. वीस वर्षं ती ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत आली. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वाचायचं काम माझ्याकडं आलं.

'वाच,' ती म्हणाली.

'आजी, आज नको.'

'वाच म्हन्ते ना. तुझ्या नरड्याला काय झालंय ते मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. वाकल्याल्या बाईचं काढ. लूक, तेरावा अध्याय.'

मी काढलं. ही गोष्ट मी देवळात दहा वेळा ऐकली असेल. येशू रोग बरे करतो, एवढाच तिचा अर्थ मला माहीत होता. अठरा वर्षं कमरेत वाकलेली एक बाई. तिला काही केल्या सरळ उभं राहता येत नाही. शब्बाथाचा दिवस, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वार. सभास्थानात येशू शिकवत असतो. त्याला ती दिसते. तो तिला बोलावतो, तू सुटलीस म्हणतो, तिच्यावर हात ठेवतो. ती सरळ होते.

'थांब,' आजी म्हणाली. 'तिनं काय मागितलं व्हतं त्येच्यापाशी?'

मी परत पाहिलं. 'काही नाही.'

'बग. तिला मागता बी येत न्हवतं. अठरा वर्सं भुईकडं बघणारीला मानसाचं त्वांड दिसत न्हाई. ती मागनार कोनाला? त्येनंच पायलं. त्येनंच हाक मारली. लपूनछपून न्हाई, भर सभेत.' मग जरा थांबून, 'आन् हात लावला. हात लावला रं तिला.'

मित्रांनो, हे 'हात लावला' आजीनं कसं म्हटलं ते मला लिहिता येणार नाही. जिच्या हातात उभ्या जन्मात पैसे वरून टाकले गेले, जिला पाणी वरून ओतलं गेलं, ती बाई हे म्हणत होती. तुम्ही समजा.

'फुडं वाच.'

पुढं सभास्थानाचा अधिकारी चिडतो. पण तो येशूला काही बोलत नाही. लोकांना बोलतो. कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा, शब्बाथाला नको. मी इथं स्वतःच थांबलो. राग एकावर आणि दम दुसऱ्याला. वरच्याशी वाकडं, पण डाफरायचं खालच्यांवर. हा माणूस माझ्या ओळखीचा होता. तलाठी कचेरीत, दुकानात, शाळेत मी त्याला पाहिलेला होता. उद्या या, परवा या, आज मुहूर्त नाही, आज साहेब नाहीत. अठरा वर्षं वाकलेल्या माणसाला आणखी एक दिवस थांबायला सांगणारा.

आणि येशूचं उत्तर. तो त्यांना ढोंगी म्हणतो. विचारतो, शब्बाथाला तुम्ही आपला बैल, आपलं गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग ही अब्राहामाची लेक, सैतानानं अठरा वर्षं बांधून ठेवलेली, हिला या दिवशी सोडायचं नाही?

मी पुस्तक मिटलं. आजी म्हणाली, 'बांधल्याली म्हनला. पापी म्हनला न्हाई.'

एवढंच. मग ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी झोपलो नाही. तोवर मी स्वतःबद्दल एकच वाक्य बोलत आलो होतो. मी नालायक आहे. त्या रात्री त्याच्या जागी दुसरं वाक्य आलं. मी बांधलेला आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. नालायक माणसानं काय करायचं? गप्प बसायचं. बांधलेल्या माणसानं काय करायचं? दावं कुठं बांधलंय ते शोधायचं. माझी भीती माझ्या रक्तातली नव्हती. ती बांधलेली होती, पिढ्यान् पिढ्या, हातानं. अगदी मायेच्या हातानंसुद्धा. आणि सोडणाऱ्यानं मला आधी सरळ हो आणि मग माझ्याकडं ये, असं सांगितलेलं नव्हतं. वाकलेल्या अवस्थेतच नावानं हाक मारली होती. सभेत तोंड उघडलं नाही म्हणून मी त्याला नको झालो नव्हतो.

दोन-तीन दिवसांनी दादा भेटला. मी त्याला गोष्ट वाचून दाखवली. तो मध्ये मध्ये टोमणे मारत होता. बैल आणि गाढवापाशी आलो तेव्हा गप्प झाला. म्हणाला, 'परत वाच ते.' वाचलं. बराच वेळानं म्हणाला, 'चवदार तळं आहे हे.' २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब पाण्यात उतरले तेव्हा हाच सवाल होता. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, आपली माणसं पिऊ शकत नव्हती. दादा म्हणाला, 'हे आम्हाला कुणी सांगितलं नाही कधी.' मी म्हणालो, 'आम्हालाही नाही.'

असं समजू नका की दुसऱ्या दिवसापासून मी वाघ झालो. तसं काही होत नसतं. मी लहान लहान कामं सुरू केली. देवळात पाळकसाहेबांना म्हटलं, रविवारचा पाठ मी वाचतो. तीस-चाळीस माणसांपुढं उभं राहून वाचायचं. पहिल्या रविवारी कागद थरथरत होता, दुसऱ्या रविवारी कमी. मग एक दिवस उपासनेनंतर विचारलं, साहेब, आपण नेहमी पापाबद्दल बोलतो, बांधलेल्यांबद्दल कधी बोलणार? ते दचकले. मीही दचकलो.

प्रार्थनाही बदलली. आधी म्हणायचो, देवा, माझ्यावर हे येऊ देऊ नको. आता म्हणू लागलो, हे येणारच आहे, तू शेजारी उभा राहा. गेथशेमाने बागेतला येशू मला तेव्हा कळला. धरायला येणार आहेत हे माहीत असताना तो रात्री एकटा बागेत घाम गाळत बसतो. हा प्याला टळला तर टळू दे असं बापाला विनवतो. सोबत जागं राहा म्हटलेले मित्र झोपलेले असतात. आणि मग उठून त्यांना सामोरा जातो. त्यालाही भीती वाटली. मग भीती वाटणं पाप कसं? मोशेला देव फारोकडं जा म्हणतो तर तो म्हणतो, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठव. ज्याच्या हातून एक गुलाम समाज सुटला तो बोलायला घाबरत होता! हे वाचून मी एकटाच हसलो.

परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात आली. रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या जानेवारीपासून लागू झाला होता. आमच्याकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायचं काम निघालं. आई जायची. मजुरी खडीच्या मापावर. ढिगाची लांबी, रुंदी, उंची टेपनं घ्यायची आणि हजेरीपुस्तकात मांडायची. मोजणारा कारकून लांबी-रुंदी बरोबर घ्यायचा, पण उंची ढिगाच्या मध्यावर न घेता कडेला घ्यायचा. बायका बघायच्या. कळत सगळ्यांना होतं. मी सुट्टीत आईसोबत जात होतो. मलाही पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दोन मोजण्या मी गप्प राहिलो, हेही लिहितो.

तिसऱ्या मोजणीला आईच्या ढिगापाशी टेप आला. घसा आवळला. तळहात ओले. आजोबांचा हात मानेवर. मी मनात म्हटलं, प्रभू, हाक मार. आणि तोंडातून निघालं, 'साहेब, उंची मधी घ्या.'

आवाज फाटका निघाला. कारकुनानं मान वर करून पाहिलं. 'कोण रे तू?'

हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. याच्यापुढं आपल्या पिढ्या वाकल्या. मला काही मोठं वाक्य सुचलं नाही. मी आईकडं बोट करून म्हणालो, 'मी हिचा मुलगा. उंची मधी घ्या.'

मग एक हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. बायका उठून ढिगाभोवती उभ्या राहिल्या. बौद्धांच्या, मांगांच्या, आमच्या, दोन मराठ्यांच्याही. कोणी घोषणा दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. टेप मध्यावर आला. सगळे ढीग पुन्हा मोजले गेले. त्या पंधरवड्याला आईला नऊ रुपये जास्त मिळाले. मी बाभळीमागं जाऊन ओकलो. भीती गेली नव्हती. ती होती, आणि मी उभा होतो. येशूनं मला भीती काढून दिली नाही, उभं राहायला जागा दिली. आणि हेही खरं, की नुसती प्रार्थना करून टेप सरळ होत नाही. त्या बायका उठल्या नसत्या तर मी एकटा ओकूनच घरी गेलो असतो.

आता एक गाठ राहिली, ती सर्वांत अवघड. शाळेत माझ्या नावापुढं 'हिंदू महार' लागलं होतं. देवळाच्या वहीत मी ख्रिस्ती. आमच्याकडं घरोघरी हे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. १९८५ साली सुसाई नावाच्या, चांभारकाम करणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. धर्म बदलल्यावरही तेवढाच त्रास राहतो याचा पुरेसा पुरावा नाही असं म्हणत ते फेटाळलं गेलं. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, म्हणजे ७२ वर्षांनीही प्रश्न टेबलावरच. मराठवाड्यात आग लावणाऱ्यांना पुरावा लागला नव्हता.

१९८१ साली मास्तरकीचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यापाशी माझा पेन थांबला. मी 'ख्रिस्ती' लिहिलं. राखीव जागेवरचा हक्क त्या एका शब्दानं गेला. नोकरी सहा वर्षं उशिरा लागली, तोवर मी हमालीपासून सगळं केलं. दादा भडकला. 'बाबासाहेबांनी रक्त आटवून मिळवलेला हक्क तू सोडून देतोस? तुझ्या येशूला तुझ्या दाखल्याची गरज होती का?' त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मी मोठा त्याग केला असं मी म्हणत नाही. ज्यांनी कागद तसाच ठेवला त्यांना मी कधी खोटं म्हटलं नाही. लेकरांच्या फीसाठी त्यांनी ते केलं. खोटा आहे तो कायदा, जो माणसाला पोट आणि विश्वास यांत निवड करायला लावतो. पण माझ्या घशात अडकलेल्या आवाजाचा एक धागा त्या कागदाला बांधलेला होता. कोण रे तू, या प्रश्नाला माझ्याकडं दोन उत्तरं होती आणि दोन्ही दबक्या आवाजातली. मला एक उत्तर मोठ्यानं द्यायचं होतं.

आणि देवळात सगळं सरळ आहे असंही नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या सोयरिकी जुळताना आजही कपाळाला आठ्या पडतात. येशूच्या एकाच ताटात हात घालणारी माणसं लग्नाच्या पंगतीला वेगळी बसलेली मी पाहिलीत. ती बाई सभास्थानात अठरा वर्षं येत असेल आणि तिथल्या कोणाला तिची पाठ दिसली नसेल. आमच्या सभास्थानांचंही तेच आहे.

दादाशी शेवटपर्यंत वाद चालू राहिला. तो म्हणायचा, 'तथागतानं स्वतःवर विसंबायला सांगितलं. माणसाला सरळ व्हायला बाहेरचा हात कशाला लागतो?' मी म्हणायचो, 'तुला लागत नसेल, दादा. मला लागला. आपल्याला हात लावायला कोणी नव्हतंच की.' यावर तो चिडायचा नाही. विडी पेटवायचा. १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला त्या संध्याकाळी त्यानं भिंतीपलीकडून मला हाक मारली, 'ये, आज तू बोल.' सोळा वर्षं आधीचं ते भाषण मी त्या रात्री वाड्यापुढं केलं. चारही पानं. मागं कोणीतरी आमेन म्हणालं. या वेळी ते दादाच होता.

पोरांनो, हे सगळं तुम्हाला बाप्तिस्मा देण्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्यातल्या कित्येकांना मोर्चाच्या आदल्या रात्री झोप येत नाही, हे मला माहीत आहे. कचेरीच्या दारात घसा सुकतो. मुलाखतीत आडनाव विचारलं की तळहात ओले होतात. घोषणा दिल्या की ते झाकलं जातं, जात नाही. ते एकमेकांना सांगा. लाज वाटू देऊ नका. तुम्ही बांधलेले आहात, नालायक नाही. ते दावं सोडायला तुम्हाला बुद्ध उपयोगी पडत असेल तर बुद्ध, बाबासाहेबांचं एखादं पान पडत असेल तर ते पान. मला येशू पडला. तपासायची खूण मात्र एकच ठेवा. वंदनेवरून किंवा प्रार्थनेवरून उठताना पाठ आधीपेक्षा सरळ झाली का वाकली? वाकली असेल तर तिथं काहीतरी चुकलं आहे, मग तिथं नाव कोणाचंही असो.

आजी १९८३ साली गेली. खडी फोडून आणि पाणी वाहून तिची स्वतःची पाठ शेवटी अगदी धनुष्यासारखी झाली होती. तिला कोणी सरळ केली नाही. तिनं त्याबद्दल देवाकडं तक्रारही केली नाही, निदान माझ्या देखत. पण रविवारी देवळाला निघाली की काठी टेकत, डोळ्यांना धड दिसत नसताना, ती पाटलाच्या वाड्यावरून रस्त्याच्या अगदी मधून चालायची. मागून बैलगाडी आली तरी हटायची नाही. गाडीवाला ओरडायचा. ती म्हणायची, 'बैलाला दिसतंय मी. तुला दिसत न्हाई का?'

जय ख्रिस्त. जय भीम.